माणसं सहा, सामान बक्कळ आणि मागे ट्रेलर

मार्च लागला की अमेरिकेतल्या आपल्या लोकांना कॅम्पिंगची हुक्की येते आणि या सदराच्या इनबॉक्समधे एकच विषय भरतो, मोठी गाडी घ्यायचीये, मागे ट्रेलर लावायचाय, कुठली घेऊ. या वेळी म्हटलं बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, हा अंक ट्रेलरवाल्यांचा. पहिलं उत्तर लांबलंय, कारण त्यातलं गणित पुढच्या सगळ्यांनाच लागणारे.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सास) : नमस्कार दादा, आम्ही चौघं, मुलगा १३ चा, मुलगी ९ ची, आणि दरवर्षी मे ते सप्टेंबर सासूसासरे साताऱ्याहून येतात म्हणजे झालो सहा. आत्ता टोयोटा हायलँडर आहे. २८ फुटी बंकहाउस ट्रेलर, म्हणजे आत बंक बेड असलेलं चाकांवरचं घर, बघून ठेवलाय, ब्रोशरवर ५,८०० पाउंड लिहिलंय. टोयोटा सिक्वोया, शेवी सबर्बन आणि फोर्ड एक्स्पिडिशन मॅक्स या तिन्ही मोठ्या एसयूव्ही चालवून पाहिल्या. नवऱ्याचा जीव सिक्वोयावर, मला सबर्बन हवीये कारण सामान मावतं. डीलर म्हणतो, कुठलीही घ्या, आठ-नऊ हजार ओढतात, बिनधास्त राहा. कुठली घेऊ?

उत्तर : ताई, डीलर खोटं बोलत नाहीये, पण तो सांगतोय तो आकडा तुमच्या घरच्या माणसांना धरून काढलेलाच नाहीये. हे टोइंगचे, म्हणजे ओढायच्या क्षमतेचे आकडे काढायची एक ठरलेली पद्धत आहे, एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचा जे२८०७ स्टँडर्ड, त्यात गाडीला ट्रेलर लावून ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाच्या हिशोबाने तपासतात, कडक ऊन, एसी फुल, आणि तरी ४० मैलांच्या खाली वेग पडता कामा नये. परीक्षा अवघड आहे, मान्य. पण त्या परीक्षेत गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी १५० पाउंडांची, आणि सामान जवळपास नाहीच. तुम्ही सहा जण बसलात, मागे कूलर टाकला, की तो आकडा खाली यायला लागला.

म्हणून ब्रोशर ठेवा बाजूला आणि लॉटमधे जाऊन ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर पिवळा-पांढरा छोटा स्टिकर असतो, टायरच्या हवेचे आकडे असतात तोच. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. यात ड्रायव्हरपण आला बरं का. आणि हा आकडा मॉडेलचा नसून त्या एका गाडीचा असतो, शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या सबर्बनवर शंभर-दीडशे पाउंडांचा फरक दिसेल, कारण एकीला काचेचं छत, २२ इंची चाकं, आपोआप उघडणाऱ्या पायऱ्या आहेत आणि दुसरीला नाहीयेत. या सगळ्या लाडांचं वजन पेलोडमधून वजा होतं. त्यामुळे सगळ्यात महाग ट्रिम, म्हणजे मॉडेलची सगळ्यात सजवलेली आवृत्ती, ही बऱ्याचदा ट्रेलरसाठी सगळ्यात कमी कामाची असते, हे सेल्समन तुम्हाला कशाला सांगेल. या तिन्ही गाड्यांमधे साधारण १,३०० ते १,८०० पाउंडांच्या मधे काहीतरी दिसेल, सिक्वोयाच्या वरच्या ट्रिममधे त्याहूनही खाली.

आता ट्रेलरकडे. ५,८०० म्हणजे रिकामा ट्रेलर, बऱ्याचदा त्यात बॅटरीसुद्धा धरलेली नसते. त्यात गाद्या-पांघरुणं, भांडी, कुकर, तांदळाची पिशवी, खुर्च्या, दोन गॅसची नळकांडी, आणि पाण्याची टाकी ४० गॅलनची असेल आणि भरून निघालात तर नुसतं पाणीच ३३० पाउंडांच्या वर. रस्त्यावर तो ट्रेलर सात हजारांचा धरा. यातलं १० ते १५ टक्के वजन हिचच्या (गाडीला ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या) गोळ्यावर, म्हणजे तुमच्या गाडीच्या पाठीवर येतं, त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते मुद्दाम कमी करता येत नाही, कारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर हायवेला डुलायला लागतो आणि ते डुलणं एकदा सुरू झालं की गाडी कुठे नेईल सांगता येत नाही. आपण १३ टक्के धरू, झाले ९१० पाउंड.

तुमच्या घराचं वजन मी अंदाजाने धरतो, रागवू नका. मोठी चौघं आणि दोन मुलं मिळून ८००. टंग वेट ९१०. वजन वाटणारी हिच लागणारच, ती साधारण ९०. गाडीत मागे टाकलेलं सामान १५०. बेरीज १,९५०. आता स्टिकरवर १,६५० असेल, जे या गाड्यांमधे चांगलं म्हणायचं, तरी तुम्ही ३०० पाउंड वर. आणि गंमत बघा, ट्रेलर सात हजारांचा आणि गाडी ओढते आठ-नऊ हजार, म्हणजे कागदावर तुम्ही आरामात आहात. सासूसासरे नसतील तेव्हा हीच बेरीज बरोब्बर १,६५० येते, म्हणजे काठोकाठ. म्हणून माझं म्हणणं आहे की तीनपैकी कुठली हा तुमचा खरा प्रश्नच नाहीये, ट्रेलर तुमच्या माणसांना मोठा होतोय.

लगेच कोणीतरी म्हणेल की वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली की वजन वाटलं जातं ना. जातं, थोडं पुढच्या चाकांवर, थोडं ट्रेलरच्या चाकांवर, आणि ती लावाच, मागून बसलेली गाडी सरळ होते आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही. पण त्याने स्टिकरवरचा आकडा वाढत नाही. मागच्या सस्पेन्शनला हवेच्या पिशव्या किंवा जाड स्प्रिंग टाकले तरी वाढत नाही, गाडी नुसती दिसायला सरळ दिसते.

तुम्हाला सहा जण झोपवायचे असतील तर २०-२२ फुटांचे छोटे बंकहाउस मिळतात, एक मोठा बेड, दोन बंक आणि डायनेटचा, म्हणजे जेवायच्या टेबलाचा, बेड होतो. रिकामे साडेतीन हजारांच्या आसपास, भरून साडेचार. त्याचं टंग वेट होतं ५८५ आणि बेरीज येते १,६२५. बसलं. वर काही उरत नाही म्हणून गाडीतलं जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या आसपास ठेवायचं, सगळं पुढच्या कपाटात कोंबायचं नाही. आणि २८ फुटीच पाहिजे असा हट्ट असेल तर मग गाडी एसयूव्ही नको, तीन-चतुर्थांश टनाचा क्रू कॅब (चार दारांचा) पिकअप ट्रक, पुढे बेंच सीट असेल तर त्यात सहा बसतात, पण साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंना मधे बेंचवर बसवून कोलोराडोला न्यायचं हा तुमच्या घरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पूर्वी यावर इलाज होता, फोर्डची एक्सकर्शन, २००५ ला बंद झाली, आणि सबर्बनचं २५०० मॉडेल, तेही घरगुती गिऱ्हाइकासाठी २०१३ नंतर बंद. आजही जुने ट्रेलरवाले चांगली एक्सकर्शन शोधत फिरतात ते उगाच नाही, सात-आठ माणसं आणि जड ट्रेलर दोन्ही घेणारी एसयूव्ही या दोन्हींनंतर घरगुती गिऱ्हाइकासाठी कुणी बनवलीच नाही.

बरं, छोट्या ट्रेलरसाठी तिन्हीतली कुठली. सिक्वोयाचं इंजिन मला तिघांत आवडतं, ४३७ हॉर्सपॉवर, चढावर श्वास लागत नाही. पण हायब्रिडच्या बॅटरीमुळे मागचा फ्लोअर वर आलाय, तिसरी रांग वर असताना मागे २२ घनफूट जागा उरते, सबर्बनमधे तीच ४१ च्या वर. सहा माणसं आणि तिसरी रांग उघडी असताना सिक्वोयात बॅगा कुठे ठेवणार? एक्स्पिडिशन मॅक्स ओढायला दणकट, टर्बो आहे, म्हणजे हवा दाबून आत घेणारं इंजिन, पण हेवी ड्यूटी टो पॅकेज असलेलीच घ्यायची, त्याशिवाय तिची ओढायची क्षमता बरीच खाली येते आणि नंतर ते पॅकेज बसवून घेता येत नाही, त्यात मोठा रेडिएटर, ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा ब्रेक कंट्रोलर सगळं फॅक्टरीतूनच येतं. तुमच्यासाठी माझं मत ५.३ लिटरची सबर्बन, मधली ट्रिम, मॅक्स ट्रेलरिंग पॅकेजसकट. सासूसासऱ्यांना मधल्या कॅप्टन सीटवर, मुलांना मागे. नवऱ्याला सांगा की सिक्वोया चांगलीच आहे पण तुम्ही चौघंच असता तर.

आणि ट्रेलर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर असं तिन्ही वेगळं वजन छापून मिळतं, खर्च एका पिझ्झापेक्षा कमी. आजोबा नको म्हणतील, तरी बसवा.

प्रश्न (ऑरोरा, कोलोराडो) : ट्रेलर आधीच आहे, २४ फुटी, भरून ५,६०० पाउंड, काट्यावर केलेला. आम्ही चौघंच. शेवी टाहो (सबर्बनची आखूड बहीण) ५.३ लिटर व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची, घ्यावी की टर्बो गाडी? सगळे म्हणतात व्ही८ ला तोड नाही, पण आमच्याकडे सगळं उंचावरच असतं.

उत्तर : काट्यावर वजन करून प्रश्न विचारणारे तुम्ही या महिन्यातले एकटे, त्यामुळे उत्तर मनापासून देतो.

व्ही८ ला तोड नाही हे टेक्सासात ठीक आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ. आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३५५ हॉर्सपॉवरची टाहो तिथे पोचेपर्यंत २४० च्या आसपास उरते. नेईल ती तुम्हाला वर, इंजिन पाच हजार आरपीएमला ओरडत नेईल, उजव्या लेनमधे ट्रकच्या मागे जाल, काही बिघडत नाही. मुलं घाबरतात आवाजाला, तेवढंच. टर्बोवाल्यात ही घट खूप कमी, म्हणून एक्स्पिडिशन किंवा सिक्वोया तुमच्या रस्त्यांना जास्त शोभते. टाहोच आवडत असेल तर तीन लिटरचं डिझेल इंजिन बघा, तेही टर्बोच आहे, खालच्या आरपीएमला खेचतं आणि ट्रेलर लावल्यावर पेट्रोलवाल्यापेक्षा मायलेज बरं देतं. पेट्रोलची कुठलीही मोठी एसयूव्ही ट्रेलर लावून गॅलनला ८-११ मैल, त्याच्या वरची अपेक्षा ठेवू नका, आणि टाहोची टाकी २४ गॅलनची आहे म्हणजे दोनशे मैलांवर पंप बघायला लागायचं.

पण चढापेक्षा मला तुमच्या उताराची जास्त काळजी आहे. टनेल ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना जवळपास ७ टक्के उतार आहे आणि पळालेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प तिथे हौसेने बांधलेले नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा, टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना वापरायचा) चालू, गिअर खाली, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरायचं नाही, दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. आणि ट्रेलरचे ब्रेक स्वतः काम करतायत ना हे डेन्व्हरमधेच बघून निघा, सपाट रस्त्यावर २० च्या वेगात ब्रेक कंट्रोलरचं बटण हाताने दाबायचं, ट्रेलरने गाडीला मागून ओढून धरलं पाहिजे. ओढत नसेल तर त्या दिवशी घाट नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आमच्याकडे होंडा पायलट ऑल व्हील ड्राइव्ह आहे, ५,००० पाउंड ओढते. ट्रेलर डीलर एक ४,२०० पाउंडांचा दाखवतोय, म्हणतो खास एसयूव्हीसाठी बनवलाय. शेनांडोआ नॅशनल पार्कला जायचंय मेमोरियल डेला. नवीन गाडी घ्यायची इच्छा नाही.

उत्तर : नको. ४,२०० रिकामा, भरून पाच हजारांच्या पुढे. आणि पाच हजारवाल्या बहुतेक गाड्यांची हिचवर बसणाऱ्या वजनाची मर्यादा ५०० च्या आसपास असते, ती त्याच्याही आधी संपते. 'एसयूव्हीसाठी खास' ही ट्रेलरवाल्याची जाहिरात आहे, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे तसं काही लिहिलेलं नाही. पायलट ठेवायचीच असेल तर रिकामा तीन हजारांच्या आतला बघा, पॉपअप (घडी घालता येणारा) किंवा छोटा सिंगल ॲक्सल, त्यात तुम्ही शेनांडोआला खरोखर मजेत जाल. आणि वजन वाटणारी हिच लावायच्या आधी मॅन्युअल वाचा, काही कंपन्या या आकाराच्या गाड्यांना ती लावू देत नाहीत.

रस्त्याचंही सांगतो कारण तुमच्या पत्रात आय-९५ लिहिलंय. बाल्टिमोरच्या दोन्ही टनेलमधून २० पाउंडी गॅसचे सिलिंडर घेऊन जाता येत नाही, बंद करून ठेवला तरी नाही. पूर्वी ट्रेलरवाले शहराभोवतीच्या आय-६९५ वरून फ्रान्सिस स्कॉट की पुलाने जायचे, तो मार्च २०२४ मधे जहाज धडकून पडला, त्यामुळे आता ६९५ ने शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालायचा. आणि न्यूयॉर्कला नातेवाइकांकडे जाणार असाल तर तिथल्या पार्कवेवर ट्रेलर नेऊ नका, बंदी आहे आणि पूलही ठेंगणे आहेत. फोनमधला साधा मॅप यातलं काही सांगत नाही.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) : सगळेच पेट्रोल-पेट्रोल करतात. इलेक्ट्रिक एसयूव्हीने ट्रेलर ओढता येतो का? रिव्हियन आर१एस बघतोय.

उत्तर : ओढते, ७,७०० पाउंडांपर्यंत, आणि घाटात ती ज्या शांतपणे चढते ते बघून पेट्रोलवाल्यांना हेवा वाटेल, उतरताना बॅटरीत थोडं परतही येतं. पण ट्रेलर लावला की रेंज साधारण निम्मी. त्यात वजनापेक्षा वाऱ्याचा हात जास्त, ट्रेलर म्हणजे हायवेवर धावणारी भिंत. बरेचसे चार्जर असे आहेत की ट्रेलर सोडूनच गाडी लावावी लागते, म्हणजे दर थांब्याला सोडा, जोडा, साखळ्या, वायर, मुलं कंटाळली. टाहो लेक, योसेमिटी, मोंटेरे एवढंच करणार असाल तर जमेल, कॅलिफोर्नियात ट्रेलर लावल्यावर वेगमर्यादा तशीही ५५ आहे, त्याने रेंजला मदतच होते. यलोस्टोनला जायचं असेल तर आत्ता तरी नाही. आणि आजीआजोबा येणार असतील तर त्यांना आधी तिसऱ्या रांगेत बसवून बघा.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना) : २०२२ ची सबर्बन, ६.२ लिटर, चांगल्या भावात मिळतेय. एक मित्र म्हणतो हात लावू नको. खरंच?

उत्तर : मित्राचं ऐकायच्या आधी व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र असतो तो) घ्या आणि एनएचटीएसए या वाहनसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर टाका. २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर इंजिनांसाठी सबर्बन बनवणाऱ्या जीएमने एप्रिल २०२५ मधे मोठा रिकॉल काढला, अमेरिकेत जवळपास सहा लाख गाड्या, आतल्या क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचा दोष, चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकतं. तपासणीत जी गाडी पास होते तिला जाड तेल, ०डब्ल्यू-४०, घालून देतात, नापास झाली तर इंजिन दुरुस्त करतात किंवा बदलतात. त्या गाडीचं यातलं काय झालंय याचा कागद मागा. काहीच झालेलं नसेल तर भाव कितीही चांगला असो, काम झाल्याशिवाय पैसे देऊ नका. ५.३ लिटरवाल्या त्या रिकॉलमधे नाहीत, मी ती शोधली असती. मागच्या बंपरखाली हिच दिसली म्हणून मॅक्स ट्रेलरिंग पॅकेज आहे असं धरू नका, बिल्ड शीटवर, म्हणजे गाडीत काय काय घातलंय त्या यादीत, एनएचटी हा कोड बघा. आणि ट्रेलरची वायर लागते त्या सात पिनांच्या सॉकेटचं झाकण उघडून बघा, पिना झिजलेल्या असतील तर आधीच्या मालकाने चांगलंच ओढलंय, मग गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं तेही विचारा.

प्रश्न (नेपरव्हिल, इलिनॉय) : एक्स्पिडिशन घेतली, ट्रेलरही आला, पण चालवणार मी आहे कारण नवऱ्याला लांबचं ड्रायव्हिंग झेपत नाही. पुढे जायला काही वाटत नाही, रिव्हर्सची मात्र धडकी भरलीये. आणि मंडळातली सगळी पुरुषमंडळी मला सल्ले देतायत.

उत्तर : रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमधे परवानगी काढून जा, चार शंकू ठेवा, मंडळातल्या पुरुषमंडळींना सांगू नका. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला, सहा वाजता असतो तिथे, धरायचा. ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे जायला हवा असेल तर हात डावीकडे, उजवीकडे हवा तर उजवीकडे, डोक्याला बाकी काही ताण द्यायचा नाही. वेग मुंगीचा. ट्रेलर वाकडा जायला लागला की जास्त फिरवून सावरायच्या भानगडीत पडू नका, पुढे घ्या, सरळ करा, परत. तुमच्या एक्स्पिडिशनमधे टो पॅकेजबरोबर बटण फिरवून ट्रेलर मागे घ्यायची सोय असेल तर तीही वापरा, पण हाताने आधी शिका. कॅम्पग्राउंड आरक्षित करताना पुल-थ्रू साइट मागा, म्हणजे रिव्हर्सच नाही, पहिली सगळी सुट्टी तशीच काढा.

वळताना ट्रेलरची चाकं आत कापतात, पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब त्यासाठीच खरवडलेले असतात, तेव्हा रुंद वळा. ट्रेलरच्या टायरांवर वेगाची मर्यादा बघा, बऱ्याच टायरांना ६५ च असते. आणि साइटवर मागे घेताना एकच माणूस मागे उभा राहील, तोही ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असा, बाकी सगळे टेबलाकडे. आमच्याकडे आजोबा, काका, शेजारचा पटेल असे चौघं चार बाजूंनी "येऊ द्या, येऊ द्या" करतात आणि ट्रेलर झाडाला लागल्यावर "बास" म्हणतात. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की तिथेच थांबा, उतरा, स्वतः जाऊन बघून या.